एकशे तीस पौंडांचा पोल

अहो, तुमचा वजनकाटा मी फेकून दिला. गराजमधला तो पांढरा काटा, ज्याच्यावर तुम्ही दर सोमवारी वासंतीला उभं करायचात. कचऱ्याची गाडी आली तेव्हा मी दारात उभी राहून बघत होते, आणि मला जराही वाईट वाटलं नाही. तुम्हाला जाऊन तेव्हा पुरते पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते.

हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला बरं. महाराष्ट्र मंडळाच्या शोकसभेत मी एका शब्दापलीकडे बोलले नाही. बाकी सगळे बोलले. काकांची शिस्त, काकांचा नेमकेपणा, काकांनी या वयात एका परदेशी पोरीला कसं घडवलं. शिकागोजवळच्या या शॉमबर्गमध्ये बसून आपण दुसऱ्यांना परदेशी म्हणतो, त्याचंही कुणाला हसू आलं नाही. शेवटी कुणीतरी तुमच्या नावाने शिस्तीचा चषक ठेवू या म्हणालं आणि चक्क टाळ्या पडल्या. मी उभी राहून ‘नको’ म्हणाले आणि खाली बसले. लोकांनी समजून घेतलं, बाई दुःखात आहे. दुःखात होतेच हो. पण ‘नको’ म्हटलं ते रागाने. तुमच्यावरच्या, आणि माझ्यावरच्याही. तो राग आता इथे काढते. पंचेचाळीस वर्षं तुमच्याशी भांडले. आता तुम्ही उत्तर देत नाही म्हणून मी गप्प बसेन असं वाटलं असेल तर विसरा.

तुमची वासंती मूळची वासिलिकी. तुम्ही पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलंत. ग्रीसमधल्या एका बंदराच्या गावातून पंधराव्या वर्षी इथे मावशीकडे आलेली. तिची आई उन्हाळाभर बेटांवरच्या हॉटेलांत खोल्या साफ करायची, घरात मुलीकडे बघायला कोणी नाही, म्हणून तिला शिकायला बहिणीकडे पाठवलं. मावशी आणि तिचा नवरा हमरस्त्यावर डायनर चालवतात, आपण रविवारी ऑम्लेट खायला जायचो तेच. पण हे सगळं नंतर कळलं.

पहिल्यांदा ती दिसली ती आपल्या घरामागच्या शाळेच्या मैदानावर, दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात. आपण फिरायला निघालो होतो आणि माझा गुडघा दुखत होता. मैदानावर एकटी मुलगी लांबलचक काठी घेऊन धावत होती. धावली, काठी रोवली, वर गेली आणि गादीच्या कडेवर कशीबशी पडली. तुम्ही कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरून उभे राहिलात. "वरचा हात उशिरा येतोय," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "घरी चला." तोवर तुम्ही फाटक उघडून आत गेलाही होतात. अडुसष्ट वर्षांचा माणूस, कमरेला पट्टा, आणि चाल मात्र विशीतली.

पोरीला वाटलं रखवालदार आला. ती "सॉरी, सॉरी" करत पोल उचलायला लागली. तुम्ही तो तिच्या हातून घेतलात, उलटसुलट करून बघितलात आणि विचारलंत, "हू टॉट यू?" ती म्हणाली, गावातल्या क्लबमध्ये शिकले, बाराव्या वर्षापासून. तिथे पोल एकच होता, तिच्यापेक्षा वयाने मोठा, जागोजागी पट्ट्या चिकटवलेला, आणि तो सात जणांत मिळून. तुम्ही हसलात. सांगलीच्या कॉलेजात तुम्ही बांबूउडी मारायचात ती खऱ्याखुऱ्या बांबूवर, आणि खाली गादी नव्हती, लाकडाचा भुसा होता, असं तिला सांगितलंत. तिला ती थाप वाटली. मग तुम्ही कॉलर बाजूला करून गळ्याखालचं मोडून जुळलेलं हाड दाखवलंत, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.

शाळेच्या टीमला पोल व्हॉल्ट शिकवणारं कोणी नव्हतंच. मुख्य कोच तरुण, धावण्यातला, त्याने तुम्हाला आनंदाने सामावून घेतलं. तुम्ही फॉर्म भरलेत, बोटांचे ठसे दिलेत, आणि जन्मभर कंपनीत स्प्रिंगा बनवणारा इंजिनिअर ‘कोच काका’ झाला. वाकायचं आणि परत सरळ व्हायचं, एवढ्यावरच तुमची सगळी नोकरी गेली होती, तेव्हा पोल तुम्हाला परका नव्हता.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी बोलून दाखवली नाही. रिटायर झाल्यावर तुम्ही त्या खिडकीजवळच्या खुर्चीत असे रुतून बसला होतात की मला भीती वाटायला लागली होती. त्या पोरीने तुम्हाला उठवलं. आपल्या दोन्ही गाड्या बाहेर आल्या, गराजमध्ये दोर टांगला गेला, जमिनीवर पट्ट्यांच्या खुणा झाल्या. दोन हिवाळे मी सकाळी उठून गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते आणि कुरकुरत होते. ती कुरकुर वरवरची होती हो. तिच्या पहिल्या वसंतात ती आठ फुटांवरून गेली, उन्हाळा संपेपर्यंत दहा. दहा फुटांवर दांडी हलली नाही तेव्हा तुम्ही माझं मनगट इतकं आवळलंत की बांगडीचा वळ उठला. तो वळ मी दोन दिवस कौतुकाने बघत होते.

आता त्या पोलबद्दल. प्रत्येक पोलवर वजन लिहिलेलं असतं, आणि उडी मारणाऱ्याचं वजन त्याच्यापेक्षा जास्त असून चालत नाही. मोडला तर काय, म्हणून शाळांचा नियमच आहे तसा, आणि कोचला तशी सही द्यावी लागते. वासंतीचा पोल एकशे तीस पौंडांचा. तो तिच्या हाताला असा काही बसला होता की तुम्ही त्याला हात लावण्याआधी हात पुसायचात. पण पोर सोळाची झाली. दोरावर चढून चढून खांदे रुंदावले, उंची वाढली, आणि गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला काटा एकशे तीसला टेकायला लागला. त्याच्या वरचा पोल घ्यावा तर तो ताठ. धावण्यात तेवढा जोर नसेल तर वाकतच नाही आणि माणसाला मागे धावपट्टीवर फेकून देतो. तुमचं हाड तसंच मोडलं होतं. म्हणून तुम्ही ठरवलंत: तिचा वेग वाढेपर्यंत, म्हणजे मे महिन्यापर्यंत, एकशे तीसच. आणि दर सोमवारी काटा. ‘उपाशी राहा’ असं तुम्ही तिला एकदाही म्हणाला नाहीत, हे मी कुणासमोरही सांगेन. तुम्ही म्हणायचात, "जरा आटोक्यात ठेव." त्या वयाच्या पोरीला ते कसं ऐकू जातं ते तुम्हाला माहीत नव्हतं, आणि मी ते तुम्हाला वेळेवर सांगितलं नाही.

संक्रांत आपण इथे पंचांगाने कुठे करतो? सगळ्यांना सोयीचा रविवार बघून करतो. यंदा ती लांबत लांबत पार रथसप्तमीपर्यंत गेली आणि नेमकी त्यानंतरच्या मंगळवारी तिची पहिली इनडोअर मीट, हॉलमधली स्पर्धा. वेळच्या वेळी केली असती तर पुढचं काही घडलंच नसतं. वासंती जेवायला आली, चार गुळाच्या पोळ्या तुपात बुडवून खाल्ल्या आणि बोटं चाटत म्हणाली, "काकू, वन मोअर?" मी वाढली. कोण नाही वाढणार? मंगळवारी बस सुटण्याआधी तुम्ही तिला गराजमध्ये काट्यावर उभं केलंत. दीड पौंड जास्त. तुम्ही सही केली नाहीत. दुसऱ्या एखाद्याने केली असती, दीड पौंड कुणाच्या डोळ्याला दिसतो? तुम्ही केली नाहीत याचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे. पण ती पोर अख्खी संध्याकाळ जाकीट घालून बाकावर बसली होती आणि सारखी आपल्या मांड्यांकडे बघत होती. तुमचं लक्ष दांडीकडे होतं. माझं तिच्याकडे होतं.

येताना गाडीत तुम्ही समोर बघत म्हणालात, "तुझ्या गुळाच्या पोळ्यांनी मीट घालवली."

"पोल मोठा आणा," मी म्हटलं.

"मोठा पोल तिला मागे फेकेल."

"मग त्याच्यावर उडी मारायला शिकवा. वाढतं वय आहे तिचं. पोल मोठा करा, पोर लहान करू नका."

"तुला यातलं कळत नाही."

"खाण्यातलं कळतं. आधी पोटोबा, मग विठोबा."

"विठोबाला मान मोडायची भीती नसते," तुम्ही म्हणालात आणि रेडिओ लावलात.

ते भांडण तिथेच राहिलं. पण मी पुढे जे केलं ते तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला वाटलं, बायको समजली. मी समजले नव्हते, मी फुरंगटले होते. तुमचा खेळ, तुमची पोर, बघा तुम्हीच, असं मनाशी म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून तिचं ताट काढणं बंद केलं. आधी ती गराजमधून सरळ स्वयंपाकघरात यायची, पातेल्यांवरची झाकणं उचलून बघायची. आता ती दारात आली की मी टीव्हीवरून नजर हलवायची नाही. दोन दिवस घुटमळली, मग दारातूनच "बाय, काकू" म्हणून जायला लागली. तीन आठवडे मी हे केलं. भांडण तुमच्याशी आणि शिक्षा त्या पोरीला. साठी उलटलेली, नातवंडाच्या वयाच्या पोरीवर रुसलेली बाई. हे मी आपल्या पोराला, समीरलासुद्धा सांगितलेलं नाही.

राग निवळल्यावर मीच एकदा म्हटलं, "ये गं, जेवून जा." ती म्हणाली, "आय अ‍ॅम फास्टिंग, काकू. फॉर लेंट." त्यांच्या ईस्टरच्या आधीचा मोठा उपास. झालं! उपास म्हटल्यावर आपण काय बोलणार? कुणाचा उपास मोडायचं पाप कोण डोक्यावर घेईल? मी उलट कौतुक केलं. साबुदाण्याची खिचडी करू का विचारलं, तर तीही नको म्हणाली. उपासाला साबुदाणा नको म्हणणारी ही मला आयुष्यात पहिलीच भेटली, तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. एखाद्या अमेरिकन बाईने तिला दहा प्रश्न विचारले असते. मी हात जोडले आणि बाजूला झाले.

तुमचा काटा खाली येत होता. त्या शेवटच्या सोमवारी तुम्ही वही घेऊन स्वयंपाकघरात आलात. "बघ, एकशे पंचवीस! याला म्हणतात शिस्त." मी पोळ्या लाटत होते. मी मान वळवली नाही. तुम्ही थोडा वेळ उभे राहिलात आणि गेलात. गुरुवारी सकाळी ड्राइव्हवेमध्ये टायरची हवा बघायला वाकलात ते पुन्हा उठला नाहीत. मधल्या दोन दिवसांत आपण काय बोललो ते मला खूप आठवूनही आठवत नाही.

दहाव्या दिवशी तिची मावशी आली. हातात मोठं ताट, त्यात उकडलेले गहू, वर साखर, डाळिंबाचे दाणे, बदाम. त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी करतात म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडे गव्हाची खीर असते. दोघी मिळून थोडं रडलो. मग ती म्हणाली (बोलली इंग्रजीत, मी आपलं मराठीत सांगते), "वासिलिकी रोज तुमच्याकडे जेवते, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले."

मी म्हटलं, "माझ्याकडे? तिचा तर उपास आहे."

"उपास?" मावशी म्हणाली. "या पोरीने जन्मात कधी उपास केलेला नाही. मला रोज सांगते, काकूकडे खाऊन आले."

एक बाई दिवसभर डायनरमध्ये शंभर माणसांना खायला घालते, दुसरीच्या घरात डबे भरलेले असतात. दोन घरचा पाहुणा उपाशी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण माझ्या दारात ती खरी होईल असं वाटलं नव्हतं.

मावशीने तिला त्याच आठवड्यात डॉक्टरकडे नेलं. रक्त कमी. शाळेतला दुपारचा डबा ती नोव्हेंबरपासूनच टाकून देत होती. म्हणजे दिवसभरात ती पोटभर खात होती ती एकाच जागी, आपल्या स्वयंपाकघरात, आणि ती जागा मी बंद केली. आणि तीन महिने तिची पाळी आलेली नव्हती. ऐकलंत? तीन महिने. तुमच्या वहीत प्रत्येक सोमवार आहे, हे नाही. ते तुम्हाला सांगणार तरी कोण होतं? सोळा वर्षांची पोर सत्तरीच्या कोचला हे सांगत नसते. मला सांगितलं असतं तिने, मी जर तिच्यासमोर ताट ठेवून बसत असते तर.

त्या दिवशी मी तुमची वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मी काय शोधत होते ते सांगते. कुठेतरी तुम्हाला शंका आली असेल, एखाद्या पानावर ‘मोठा पोल?’ असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं असेल, असं मला हवं होतं. म्हणजे मला माफ करायला सोपं गेलं असतं. तसं काही नाही. शेवटच्या पानावर तुमच्या टपोऱ्या अक्षरात आहे: ‘मेपर्यंत १३०. ढिलाई नको.’ खाली दोन रेघा. म्हणजे तुम्ही चुकलात, आणि चुकीवर ठाम राहून गेलात. सुंभ जळला तरी पीळ गेला नाही. त्याच दिवशी काटा मी कचऱ्याच्या डब्यात घातला.

तेरावा करून समीर परत गेला. जाताना म्हणाला, "आई, लेट इट गो. बाबा मेंट वेल." मी कुठे म्हणते त्यांनी वाईट चिंतलं? चांगलं चिंतूनच माणसं घोटाळे करतात.

मग एका दुपारी गराजमधून दोराचा आवाज आला. तिच्याकडे किल्ली होती. मी गेले तर ती दोराला लटकून पाय वर नेत होती, मनगटं काडीसारखी झालेली. मी म्हटलं, "वासंती, खाली ये. काहीतरी खा."

"आय कान्ट, काकू. कोच काका सेड वन थर्टी टिल मे."

"कोच काका चुकले होते."

तिने दोर सोडला. "डोन्ट से दॅट! ही इज डेड!"

"गेले म्हणून बरोबर ठरत नाहीत," मी म्हणाले. तुमच्याच गराजमध्ये, तुमच्याच हत्यारांसमोर उभी राहून म्हणाले. "आणि मीही चुकले. त्यांच्यावर रागावले होते आणि तुला वाढणं बंद केलं. तुझं काही चुकलं नव्हतं."

ती रडत रडत तिच्या भाषेत खूप काही बोलली. मला एक शब्द कळला नाही, आणि ते बरंच झालं. मी मुगाच्या खिचडीचा वाडगा तुमच्या कामाच्या टेबलावर ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले. अर्ध्या तासाने तिने पाच चमचे खाल्ले. मी मोजले. मोजायची खोड तुमचीच लागलीय.

शाळेचा मुख्य कोच मनाने चांगला आहे. म्हणाला, हा सीझन तिला काकांच्या लाडक्या पोलवरच उडी मारू दे, वर काळी रिबीन बांधू, ट्रिब्यूट म्हणून. मी म्हटलं, "पोल म्हणजे काय पादुका आहेत? तिला मोठा पोल द्या." शाळेकडे त्याच्या वरचा होता तो एकदम दीडशेचा. मग मी तुमच्या त्या प्रतिस्पर्धी कोचला फोन केला, शेजारच्या गावातला, ज्याच्याशी तुम्ही वाऱ्याच्या दिशेवरून वाद घालायचात. त्याने एकशे चाळीसचा दिला, आणि तुमची आठवण काढली. बारा फुटी पोल आणायचा कसा? मावशीने डायनरची व्हॅन काढली. आम्ही दोघी म्हाताऱ्यांनी तो टपावर बांधला आणि मागे निघालेल्या टोकाला मी माझा लाल ब्लाऊजपीस बांधला. हायवेवर लोक हॉर्न वाजवत होते. तुम्ही असतात तर गाठींवरून बोलला असतात.

डॉक्टरने परवानगी दिली ती एप्रिल उलटताना. माझी एकच अट होती: वजन डॉक्टरने करावं, बंद पाकिटातून कोचला द्यावं आणि पोरीला आकडा कुणी सांगू नये. कोचने पाकीट उघडून सही केली आणि आकडा खिशात घातला.

मीट मे महिन्यातल्या शनिवारी झाली. दांडी साडेआठ फुटांवर. ती धावली, पोल रोवला, आणि पोल ताठ उभा राहिला. वाकलाच नाही. हवेत क्षणभर थांबून त्याने तिला मागे फेकलं. ती धावपट्टीवर पायांवर पडली. अगदी तुम्ही सांगितलं होतं तसंच. दुसऱ्या वेळी ती आडवी पडली, मावशीने छातीवर क्रूस काढला, आणि खरं सांगते, तेव्हा मी तुमच्या बाजूने झाले होते. उठून ओरडणार होते, नको गं, सोड. तोंड उघडलंही होतं.

तिसऱ्या वेळी ती धावपट्टीच्या टोकाला उभी राहिली आणि तिने पोलवरची मूठ वीतभर खाली घेतली. मला यातलं कळत नाही, पण एवढं आता कळतं की मूठ खाली घेतली की उंची कमी मिळते आणि पोल मात्र मागे न फेकता पुढे गादीकडे उलटतो. नंतर मी तिला विचारलं, हे कुणी सांगितलं? ती म्हणाली, "कोच काका. फर्स्ट वीक. ही सेड, घाबरलीस तर मूठ खाली घे, डोन्ट टर्न बॅक." ती गेली वरून. मांडी दांडीला घासली, दांडी थरथरली आणि राहिली. पुढच्या उंचीवर तीनदा पडली आणि शेवटून दुसरी आली.

हो, दीड फूट कमी. मला आकडे वाचता येतात. कदाचित ती पुढच्या वर्षी अकरा ओलांडेल, कदाचित दहाही परत कधी ओलांडणार नाही. मला दोन्ही चालेल. तुमच्याच टेबलाशी बसून हे लिहितेय. पण तुमच्यावर अन्याय नको म्हणून हेही लिहिते: तिला ज्या भीतीने उपाशी ठेवलं ती तुमची होती आणि तिच्यातून बाहेर काढणारी युक्तीही तुमचीच. तुम्ही शिकवलेलं घेऊन पोरगी तुमच्या शब्दाबाहेर गेली. असं ज्याला शिकवता आलं त्याला मी चांगलाच कोच म्हणेन. आणि तुम्ही अजून दोन महिने राहिला असतात तर हे मी तुम्हाला तोंडावर म्हटलं असतं, त्यानंतर पुन्हा भांडले असते.

आज तुमचं दुसरं मासिक श्राद्ध. सकाळपासून स्वयंपाकाला लागले होते. भरली वांगी, पोळ्या, कढी, भात, थोडी खीर. वासंती लवकर आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. घरात आम्ही दोघीच, तरी ती कुजबुजली, "काकू, इट केम."

"काय आलं?"

"यू नो. धिस मॉर्निंग. इट केम."

मी गॅस बंद केला. हात पिठाचे होते, तसेच तिच्या पाठीवर उमटले. मग मी पान वाढलं आणि तिच्या हातात दिलं, म्हटलं, फोटोपुढे नेऊन ठेव. तिने हात मागे घेतले. म्हणाली, तिची आजी सांगते, या दिवसांत चर्चमधल्या प्रसादाला हात लावायचा नसतो. "इज इट ओके? मला चालेल?"

म्हणजे तिथेही तेच! अहो, शिकागोतलं आपलं पहिलं घर आठवतंय? एक खोली, आणि सासूबाई राहायला आलेल्या. त्या चार दिवसांत मी न्हाणीघराच्या दाराशी चटई टाकून बसायची, बाहेर बर्फ, आणि पाण्याचा पेलासुद्धा मागून घ्यायची. तुम्ही पेपर वाचत होतात. एकदाही मान वर केली नाहीत. त्याचंही भांडण आपण कधी केलंच नाही.

"चालेल," मी तिला म्हटलं. "आज तूच ठेवायचं."

तिने दोन्ही हातांनी पान नेलं, तुमच्यापुढे ठेवलं, खिरीची वाटी सरळ केली आणि हात जोडले. तर अहो, आजचं पान तिने मांडलंय. मुकाट्याने जेवा.